क्रुशिन्यानी: पगाराच्या थकबाकीत मिळालेलं गाव

रानवाटा:

पोलंडात राहतेस तर क्राकुफ आणि वॉर्सा सोडून एखाद्या लहान गावाबद्दल लिही, असं मागच्या धाग्यावर एकांनी सुचवलं होतं. तेव्हापासून क्रुशिन्यानी डोक्यात घोळतंय. तीनदा जाऊन आले. आता बसून लिहितेच.

गाव अगदी पूर्वेच्या टोकाला, बेलारूसच्या सीमेपासून काही किलोमीटरवर. जवळचं मोठं शहर ब्याविस्तोक. (नकाशावर आपण ‘बियालिस्टॉक’ वाचतो, पण पोलिशमध्ये रेघ मारलेल्या ‘एल’चा उच्चार ‘व’ होतो.) तिथून साधारण पन्नास किलोमीटर. वाटेत क्निशिनचं जंगल लागतं. स्प्रूस आणि पाइन इतके दाट की दुपारीही गाडीचे दिवे लावावेसे वाटतात. जंगल संपलं की बुटक्या टेकड्या सुरू होतात. हिमयुगात हिमनदीने वाळू, रेती आणि धोंडे ढकलत आणून इथे टाकले, त्याच्या या टेकड्या. शेत नांगरलं की अजूनही धोंडे वर येतात आणि लोक ते उचलून बांधावर रचतात. हे धोंडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट नकाशा बघताना सापडली. पोलंडातलं बहुतेक सगळं पाणी विस्तुला आणि ओडर या दोन नद्यांना जाऊन मिळतं. हा कोपरा मात्र निराळा. इथलं पाणी सीमेवरच्या श्विस्वोच नदीतून नेमानला मिळतं आणि लिथुआनियाच्या बाजूने समुद्रात जातं. या गावाचा इतिहासही त्याच दिशेने आलेला आहे.

गाव म्हणजे एक लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना लाकडी घरं. वस्ती दीडशेच्या आसपास. पूर्व पोलंडात अशी गावं शेकड्यांनी आहेत. रस्त्याच्या मध्यावर आलं की झाडांमागे हिरव्या रंगाची एक लाकडी इमारत दिसते. पुढच्या बाजूला दोन चौकोनी मनोरे. लांबून कुणीही चर्च म्हणेल. मनोऱ्यांच्या टोकाकडे नजर गेली की तिथे चंद्रकोर दिसते. ही मशीद आहे, पोलंडातली सगळ्यांत जुनी.

ती इथे कशी आली, हा या गावाचा खरा इतिहास. चौदाव्या शतकापासून लिथुआनियाच्या राज्यात तातार, म्हणजे पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतले तुर्की वंशाचे, घोडेस्वार वसले होते. ग्रँड ड्यूक विटोल्डने त्यांना आश्रय दिला, जमिनी दिल्या आणि बदल्यात लढाईला यायचं बंधन घातलं. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत ते पोलंड-लिथुआनियाच्या बाजूने लढले. यांना लिपका तातार म्हणतात. लिपका हे लिथुआनियाचंच जुनं तातारी नाव. सतराव्या शतकात युद्धांमागून युद्धं झाली, खजिना आटला, या स्वारांचे पगार थकले आणि त्यांच्या धर्माचे हक्कही आखडत गेले. शेवटी १६७२ मध्ये त्यांच्यातल्या कित्येक तुकड्या सरळ तुर्की सुलतानाला जाऊन मिळाल्या. पुढे बरेच जण परतले. पोलंड-लिथुआनियाचा राजा यान सोब्येस्की याला घोडेस्वार हवे होते, पण द्यायला पैसा नव्हता. म्हणून १६७९ मध्ये त्याने पगाराच्या थकबाकीपोटी राजाच्या खासगीतली गावं त्यांना तोडून दिली. क्रुशिन्यानी सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की या सरदाराला आणि त्याच्या स्वारांना मिळालं. उत्तरेकडचं बोहोनिकी दुसऱ्या तुकडीला.

मशिदीत बूट काढून आत जायचं. सगळं लाकूडच लाकूड, पाइनच्या फळ्या, खाली एकावर एक अंथरलेले गालिचे. जुनं लाकूड आणि लोकर यांचा मिळून एक वास येतो, आपल्या कोकणातल्या बंद ठेवलेल्या माडीसारखा. पुरुषांची खोली मोठी, बायकांची लहान, मधल्या भिंतीत एक आडवी खिडकी आणि तिला पातळ पडदा. भिंतींवर ‘मुहीर’ टांगलेले, म्हणजे कापडावर किंवा कागदावर लिहिलेल्या कुराणातल्या ओळी, चौकटीत बसवलेल्या. मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, दक्षिणेकडच्या भिंतीत, कारण इथून मक्का दक्षिणेला. आजची इमारत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानतात. १८४६ मध्ये तिचं मोठं काम झालं. बांधणारे सुतार या भागातलेच, त्यांचा हात चर्चवर बसलेला. त्यांनी त्यांना येत होतं तसं बांधलं.

मशिदीच्या मागे टेकडीवर कबरस्तान आहे, त्याला इथे ‘मिझार’ म्हणतात. पाइनची राई, पायाखाली सुयांचा जाड थर, पावलाचा आवाजही येत नाही. आणि तिथे ते धोंडे भेटतात. शेतातून निघालेला गोल धोंडा डोक्याशी, लहान धोंडा पायाशी, मध्ये माती. जुन्या दगडांवर अरबी अक्षरं, झारच्या काळातल्यांवर रशियन लिपी, नंतरच्यांवर पोलिश, आणि वर कोरलेली कोर. वाचता येणारा सगळ्यांत जुना दगड १६९९ चा. म्हणजे गाव मिळाल्यावर वीसच वर्षांनी. एका दगडावर मी हात ठेवून बघितला. शेवाळ इतकं दाट होतं की अक्षरं डोळ्यांना दिसली नाहीत, बोटांना लागली.

गावात आज तातारांची मोजकीच घरं उरली आहेत. बहुतेक वस्ती ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची, त्यांचं चर्चही गावातच. पण बायरामला, म्हणजे आपल्याकडच्या ईदला, ब्याविस्तोकहून, ग्दान्स्कहून, कुठून कुठून गाड्या येतात आणि मशिदीसमोरची वाट भरून जाते. लोक आधी नमाज पढतात आणि मग टेकडीवर जातात. घरं विकली, शेतं विकली, पण कबरी इथेच आहेत. मला हे गाव ज्या कारणाने आवडलं ते हेच.

बखरप्रेमी:

रानवाटाताई, फार सुंदर लेख. एक विचारायचं होतं. मी असं वाचलं होतं की क्शेचोव्स्कीने लढाईत सोब्येस्कीचा जीव वाचवला आणि त्याचं बक्षीस म्हणून राजाने हे गाव दिलं. तुम्ही थकबाकी म्हणता. नेमकं काय?

रानवाटा:

गावातही तीच गोष्ट सांगतात, पण तारखा जुळत नाहीत. जीव वाचवल्याची गोष्ट पार्कानीच्या लढाईची. तुर्कांनी घातलेला व्हिएन्नाचा वेढा उठवल्यावर काही आठवड्यांनी, ऑक्टोबर १६८३ मध्ये ती झाली. पहिल्या दिवशी पोलिश फौज उधळली गेली आणि राजा स्वतः कसाबसा निसटला, एवढं खरं. पण गाव दिलं १६७९ मध्ये, म्हणजे चार वर्षं आधी. क्शेचोव्स्कीने राजाला खरंच वाचवलं असेल, तर ते गाव मिळाल्यानंतर.

दंतकथेचा दुसरा भाग असा की १६८८ मध्ये ग्रोद्नोच्या संसदेला जाताना राजा वाट वाकडी करून क्रुशिन्यानीला आला आणि आपल्या जुन्या सरदाराच्या अंगणात लिंडनच्या झाडाखाली बसला. ग्रोद्नोची ती संसद खरोखर भरली होती आणि हे गाव त्याच मुलखात आहे. गावातले लोक ही गोष्ट कालच घडल्यासारखी सांगतात. मला ती बक्षिसाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

बखरप्रेमी:

धन्यवाद! मग तर हे प्रकरण फारच ओळखीचं निघालं. सोब्येस्की राजा म्हणून निवडून आला मे १६७४ मध्ये आणि रायगडावर राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. दोन आठवड्यांचं अंतर! आणि दोघांपुढे प्रश्न तोच, शिपायाला पगार कसा द्यायचा. महाराजांचा कल रोख पगाराकडे होता, नवी वतनं देणं त्यांनी टाळलं, कारण जमीन मिळालेला माणूस पुढे धन्याला जुमानत नाही. राजाराम महाराजांच्या काळात मुलूख गेला, खजिना रिकामा झाला, तेव्हा वतनं देण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. सोब्येस्की १६७९ मध्ये त्याच अडचणीत होता म्हणायचा. फरक इतकाच दिसतो की त्याची जमीन घेतलेले लोक नंतर फिरले नाहीत.

रानवाटा:

फिरले नाहीत, उलट १६८३ मध्ये व्हिएन्नाला त्याच्याबरोबर गेले. समोर तुर्कांच्या बाजूनेही तातार होतेच, क्रिमियाचे. दिसायला सारखे, हत्यारं सारखी. आपले कोण हे ओळखू यावं म्हणून सोब्येस्कीने लिपका तातारांना टोपीत गवताची काडी खोवायला लावली, असं सांगतात.

मांडवी:

यांची भाषा कोणती? घरात तातारी बोलतात का?

रानवाटा:

नाही. भाषा फार पूर्वीच गेली. सतराव्या शतकात गाव मिळालं तेव्हाच बहुतेकांच्या घरात पोलिश नाहीतर बेलारूसी होती. स्वार एकटे आले, बायका इथल्या केल्या, मुलं आईची भाषा बोलली. पण लिपी राहिली. त्यांच्याकडे ‘किताब’ नावाची हस्तलिखितं आहेत. त्यांत प्रार्थना, पैगंबरांच्या गोष्टी, स्वप्नांचे अर्थ, सगळं बेलारूसी किंवा पोलिश भाषेत, पण लिहिलंय अरबी अक्षरांत. उजवीकडून डावीकडे वाचत जा आणि कानावर पोलिश पडतं.

मांडवी:

आमच्या गोव्यात कोंकणी रोमी लिपीत लिहितात. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक तसंच होतं. भाषा घरची, अक्षरं चर्चबरोबर आलेली. इथे तेच झालेलं दिसतंय, फक्त लिपी वेगळी.

रेवदंडा:

ताई, मी अलिबागकडची. वाचताना सारखे बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातले ज्यू, डोळ्यांसमोर येत होते. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. भाषा मराठी, साडी नऊवारी, आडनावं गावावरून ‘कर’ लावलेली. हिब्रू विसरले होते, पण शनिवार विसरले नाहीत. आता बहुतेक जण इस्राएलला गेले. तरी नवगावच्या जुन्या दफनभूमीला भेट द्यायला तिकडून लोक येतात. माझ्या माहेरी एकदा अशाच एक आजी आल्या होत्या. चांगल्या ऐंशीच्या. आईने नारळाच्या दुधातलं काहीतरी केलं होतं, ते खाऊन त्या रडायला लागल्या आणि अस्सल आगरी मराठीत बोलायला लागल्या. तुम्ही लिहिलेली बायरामची गर्दी वाचून त्याच आठवल्या.

रानवाटा:

रेवदंडाताई, काटा आला. आडनावांचंही तसंच आहे बघा. पूर्वजाचं मुसलमान नाव आणि त्याला पोलिश शेपूट, जसं अहमतचं अख्मातोविच. कबरीवर वर कोर, खाली ‘विच’ नाहीतर ‘स्की’.

पंचगंगा:

कोल्हापूरहून नमस्कार. पोलंड म्हटलं की आम्हाला वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. ती माणसं याच भागातली ना?

रानवाटा:

हो, पूर्व पोलंडातलीच. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी तो सगळा पट्टा घेतला आणि १९४० पासून लोकांना गाड्यांत भरून सैबेरियाकडे पाठवलं. ब्याविस्तोकच्या परिसरातूनही नेले. त्यांतले जे जगले-वाचले त्यांच्यातले काही इराणमार्गे वळिवड्याला पोहोचले. त्यांची बहुतेक गावं युद्धानंतर पोलंडच्या हद्दीबाहेर गेली, त्यामुळे परत जायला गावच नव्हतं.

तातारांचंही तसंच झालं. नवी सीमा आखली तेव्हा विल्नियस, नोवोग्रुदेक, स्लोनिम ही त्यांची मोठी ठिकाणं सगळी सोव्हिएत बाजूला गेली. तिकडून बरेच तातार उठून पोलंडच्या पार पश्चिमेला, जर्मनांनी सोडलेल्या शहरांत राहायला गेले. जुन्या मुलखातल्या मशिदींपैकी नव्या पोलंडात उरल्या फक्त दोन, क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी. त्याआधीही गाव जागच्या जागी राहून मालक बदलत होतेच. १७९५ मध्ये प्रशिया, १८०७ पासून रशिया, १९१८ नंतर पोलंड, १९३९ ला सोव्हिएत, १९४१ ला जर्मन. टेकडीवरच्या दगडांवर लिप्या का बदलतात ते यावरून समजेल.

२०११ च्या जनगणनेत स्वतःला तातार म्हणवणारे सगळ्या पोलंडात मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर निघाले.

नकाशे:

गाव इतकं सीमेला लागून आहे तर बाहेरच्यांना जाता येतं का? २०२१ मध्ये तिकडे बंदी होती असं ऐकलं होतं.

रानवाटा:

आता जाता येतं, पण निघण्याआधी चौकशी करून जा. सीमेलगत काही ठिकाणी अजूनही निर्बंध लागतात आणि ते बदलत असतात.

२०२१ बद्दल लिहू की नको असं झालं होतं. विचारलंत म्हणून लिहिते. त्या वर्षी इराक, सीरिया आणि इतर देशांतली माणसं बेलारूसमार्गे इथल्या जंगलात येऊ लागली. दोन्हीकडचे शिपाई त्यांना इकडून तिकडे ढकलत होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला सीमेलगतच्या पट्ट्यात आणीबाणी लागली, बाहेरच्यांना मज्जाव झाला. क्रुशिन्यानी त्या पट्ट्यात होतं. पाहुण्यांवर चालणारं गाव, ते एका दिवसात बंद झालं. आणि ऑक्टोबरपासून इथली थंडी काय असते ते सांगून कळणार नाही. ओल्या कपड्यांत माणूस रात्र काढू शकत नाही. जंगलात प्रेतं सापडू लागली.

ती बेवारस माणसं मुसलमान होती आणि जवळपास मुसलमान कबरस्तान दोनच. बोहोनिकीच्या तातारांनी त्यांना आपल्या मिझारमध्ये जागा दिली. नोव्हेंबरमध्ये पहिलं दफन झालं ते एका १९ वर्षांच्या सीरियन मुलाचं. तो बुग नदीत बुडाला होता. त्याच्या घरचं कुणी येऊ शकत नव्हतं. गावातल्या माणसांनी खड्डा खणला, नमाज पढला, माती दिली. नंतर आणखी दफनं झाली, एका न जन्मलेल्या बाळाचंही. मी गेले तेव्हा त्या कबरी कडेला होत्या, ओल्या मातीच्या, भोवती त्याच शेतातल्या धोंड्यांची ओळ. काहींवर नाव नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

पुढच्या वर्षी सीमेवर साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभी राहिली, १८६ किलोमीटर लांब.

नकाशे:

वाचून गप्प झालो. लिहिलंत ते बरं केलंत.

बखरप्रेमी:

पोलिश लोकांचं या तातारांशी वागणं कसं असतं?

रानवाटा:

शाळेत त्यांचा इतिहास सांगतात, दोन्ही मशिदी आणि मिझार २०१२ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या यादीत गेल्या. गावातले ऑर्थोडॉक्स शेजारी तर बायरामला मिठाई न्यायला येतात. पण २०१४ मध्ये कुणीतरी रात्री येऊन मशिदीच्या भिंतीवर डुकराचं चित्र रंगवून गेलं, कबरींवरही रंग फासला, हेही झालंय. २०१८ मध्ये गावातली तातार खाणावळ जळून गेली, तेव्हा देशभरातून लोकांनी पैसे पाठवले आणि ती पुन्हा उभी राहिली. दोन्ही खरं आहे. मला जे भेटले ते ‘आम्ही पोलिश तातार’ असं म्हणतात, दोन्ही शब्द एकत्रच, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

साटोरी:

खाणावळीचा विषय निघाला म्हणून! काय खाल्लंत ते लिहाच.

रानवाटा:

प्येरेकाचेव्निक! नाव तोंडात बसायला तीन दिवस लागतात. कणीक इतकी पातळ लाटतात की खालच्या टेबलावरच्या लाकडाच्या रेघा दिसाव्यात. असे सहा थर, प्रत्येकावर वितळलेलं लोणी, पूर्वी हंसाची चरबी लावायचे. वर सारण: मटण, गोमांस, हंस, नाहीतर गोड हवं असेल तर ताजं चीज आणि मनुका. मग त्याची लांब गुंडाळी करायची, गोगलगायीसारखी वेटोळी घालून गोल भांड्यात बसवायची आणि भट्टीत दोनेक तास. कापली की आत पानांसारखे पदर सुटतात. युरोपीय संघाने २००९ मध्ये याची पारंपरिक पदार्थ म्हणून नोंद केली आहे.

साटोरी:

म्हणजे चिरोट्याचा साटा! फक्त आपण तांदळाची पिठी आणि तूप फेसून लावतो, हे नुसतं लोणी. करून बघते आणि सांगते.

साटोरी:

करून बघितलं. मैदा, चिमूटभर मीठ, एक अंडं, खिम्याचं सारण. चव छान आली, घरात सगळ्यांनी दोनदा घेतलं. पण कणीक सारखी फाटत होती. तिसरा आणि चौथा थर तर चिंध्या झाला. त्या कसं करतात?

रानवाटा:

मीही तिथल्या बाईंना हेच विचारलं होतं, कारण मी लाटलेलाही फाटला होता. त्यांनी सांगितलं: कणीक मळून किमान अर्धा तास झाकून ठेव. लाटणं अर्ध्यावर आलं की बाजूला ठेव आणि हाताच्या पालथ्या मुठींवर घेऊन ताण, बोटांनी ओढू नकोस. फाटलाच तर जोडत बसू नकोस, तो आतल्या बाजूला घाल. चांगला थर शेवटी, बाहेरून गुंडाळायला राखून ठेव. त्यांच्या आजी असंच करायच्या म्हणे. आजींची कबर वर टेकडीवरच आहे, येताना दाखवली त्यांनी.